ऑर्लीन स्टेसीच्या वकिलाची फी

ऑर्लीन स्टेसीला आयुष्यात लोकांनी काय काय म्हटलं नाही! हट्टी म्हटलं, फटकळ म्हटलं, शाळेतली पोरं पाठीमागं हवालदार म्हणायची, आणि नवऱ्यानं तर लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात खेचर म्हटलं. तिनं कशाचंच वाईट वाटून घेतलं नाही, कारण त्यातलं सगळंच खरं होतं. पण खोटारडी म्हणायची छाती लॉरेल फोर्कच्या या अख्ख्या खोऱ्यात कुणाच्या बापाची झाली नव्हती. ती झाली सरकारची, आणि तीसुद्धा समोर येऊन नव्हे, टपालानं.

त्याचं असं झालं. पंचवीसेक वर्षं ऑर्लीन इथल्या शाळेत स्वयंपाकीण होती. पिठाची पोती स्वतः उचलायची, दुधाचे क्रेट स्वतः ओढायची, बीन्सचा हंडा शेगडीवरून एकटी उतरवायची. मदतीला दोघी असायच्या, त्यांना म्हणायची, "तुम्ही पाव कापा गं. हंड्याला हात लावाल तर कंबर मोडून बसाल." शेवटी मोडली ती हिचीच. आधी कंबर, मग मान, आणि मग हातांतली जाणच गेली. हातात कढई आहे की नाही हे खाली बघितल्याशिवाय कळेना. एक दिवस गरम रश्श्याचं भांडं सुटलं आणि पहिलीच्या पोरांच्या रांगेपुढं हातभर अंतरावर सांडलं. कुणाला भाजलं नाही. पण ऑर्लीननं तिथल्या तिथं अ‍ॅप्रन सोडला, खुंटीला अडकवला आणि हेडमास्तरांना सांगितलं, "उद्यापासून दुसरी बाई बघा. मी पोरांना खाऊ घालायला आले होते, भाजायला नाही."

पगारातून आयुष्यभर कापून घेतलेल्या पैशावर, अंग निकामी झालं की सरकारनं पेन्शन द्यायची, हा कायदा आहे. म्हणजे भीक नव्हे, हक्क. तरी अर्ज करायला बाईनं वर्ष घालवलं. आमच्याकडं पेन्शन घेणाऱ्याला 'चेकवर बसलाय' म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. सगळ्यांत वाकडं तोंड तिच्या थोरल्या भावाचं, एस्टिलचं. हा गडी उभा जन्म कोळशाच्या खाणीत घालवून आलेला. चार पावलं चालला की धाप लागायची, पण सरकारचा छदाम घेतला नाही ही त्याची घमेंड. चर्चच्या पायरीवर, चारचौघांत तो म्हणाला, "आमच्या ऑर्लीला कसलं आलंय दुखणं? जीभ तर चांगली धडधाकट दिसतेय!"

"जिभेनं ओझी उचलता आली असती ना एस्टिल," ऑर्लीन म्हणाली, "तर तुझ्यासारख्यानं हे डोंगर कधीच उचलून पलीकडं ठेवले असते."

लोक हसले, तीही हसली. घरी जाऊन मात्र तिनं रात्रीचं जेवण केलं नाही.

मग सरकारचा नकार आला. त्यात लिहिलं होतं, की अर्जदार आपल्या वेदनांबद्दल जे सांगते त्यावर विश्वास ठेवता येत नाही, कारण तिनं स्वतःच डॉक्टरांना दर भेटीत आपली काही तक्रार नसल्याचं सांगितलेलं आहे. शिवाय ती चर्चला जाते आणि मयताच्या घरी जेवण रांधून नेते.

आता यावर हसावं की कपाळ बडवावं? अहो, इथं कुणी 'कसं काय?' विचारलं की 'तक्रार नाही' हेच उत्तर असतं. खाणीत पाय चिरडलेला माणूस स्ट्रेचरवर आडवा पडून हेच सांगतो. रडगाणं गाणाऱ्याला इथं कुणी दारात उभं करत नाही, आणि रडगाणं न गाणाऱ्याला सरकार उभं करत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! दर महिन्याला तो बाहेरगावचा तरुण डॉक्टर विचारायचा, "कशा आहात, मिसेस स्टेसी?" आणि ही म्हणायची, "बरी आहे डॉक्टर, तक्रार नाही. तुमच्या आईच्या गुडघ्याचं काय झालं?" डॉक्टर लिहायचा, तक्रार नाही. त्याच फायलीत तिच्या मणक्याचे फोटो होते, सरकारच्याच डॉक्टरनं हातांच्या नसा तपासून दिलेला अहवाल होता. ते कुणी उघडून बघितलं नाही. आणि मयताच्या घरचं जेवण म्हणाल तर एक पातेलं बीन्स करायला तिला दोन दिवस लागायचे. स्टुलावर बसून, डाव दोन्ही मनगटांत धरून ढवळायची. पण शेजारी माणूस गेलं आणि आपण रिकाम्या हातानं जायचं, हे तिच्या आईनं शिकवलंच नव्हतं.

तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि थेट डेन्व्हर स्लोनच्या कचेरीत गेली.

डेन्व्हर म्हणजे याच खोऱ्यातला पोरगा, वकील होऊन परत आलेला. शिकून परत येणारे आमच्याकडं हाताच्या बोटांवर मोजावेत. हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर त्याची कचेरी होती; थंडीत ती इतकी गार, की अशील आणि वकील दोघंही कोट घालून बसायचे. लहानपणी तो ऑर्लीनच्याच हातचं जेवून वाढला होता. फुकट जेवणाऱ्या पोरांना तेव्हा निळं तिकीट असायचं आणि पैसे भरणाऱ्यांना पिवळं. ऑर्लीननं पहिल्याच वर्षी सगळी तिकिटं स्वतःच्या अ‍ॅप्रनच्या खिशात टाकायला सुरुवात केली, रांगेतल्या कुणाला कुणाचा रंग दिसू नये म्हणून. ऑफिसनं विचारलं तर म्हणाली, "भूक सगळ्यांना एकाच रंगाची लागते." डेन्व्हरचं तिकीट निळं होतं. हे त्या दोघांनाच ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर कधी बोलले नाहीत.

"मावशी," कागद वाचून डेन्व्हर म्हणाला, "हे लांब चालेल. आधी त्यांच्याच कचेरीत अपील, तिथं हरणार, मग वरच्या कोर्टात."

"हरणार तर जायचं कशाला?"

"तिथं हरल्याशिवाय वर जाता येत नाही."

"बरा आहे तुमचा कायदा," ऑर्लीन म्हणाली. "चल, हरूया मग."

हरले. मग वरच्या कोर्टात दावा घालायची वेळ आली. 'मी कंगाल आहे' अशी शपथ घेतली की कोर्टाची फी माफ होते. डेन्व्हरनं तो कागद पुढं सरकवला. ऑर्लीननं तो एका बोटानं परत सरकवला. दुसऱ्या दिवशी तिनं मेलेल्या नवऱ्याची, क्लेलची, बंदूक विकली आणि फी भरली. डेन्व्हरनं स्वतःच्या कामाचे मात्र काही मागितले नाहीत. जिंकलो तर थकलेल्या पेन्शनमधला चौथा हिस्सा माझा, हरलो तर काही नाही, असा करार झाला. आमच्याकडं सगळे असंच करतात. रोख मोजणारा अशील इथं जन्माला यायचाय.

आणि एका शुक्रवारी तो पोरगा गाडी खड्ड्यांतून उडवत तिच्या दारात आला. उतरला नाही तोच ओरडला, "जिंकलो, मावशी! जज्ज हॉलब्रुकनी त्यांचा निकाल उलटवला. मागची सगळी पेन्शन द्या म्हणून हुकूम आहे!"

ऑर्लीन ओसरीवरच्या खुर्चीत बसली होती. तिनं त्याला बसवलं, मक्याचा पाव आणि ताक पुढं ठेवलं, आणि म्हणाली, "वाच."

त्यानं वाचलं. निकाल पुराव्याला धरून नाही, वैद्यकीय कागद विचारात घेतलेले नाहीत, सबब रद्द.

"आणि मी खरं बोलत होते, ते कुठं लिहिलंय?"

"ते... तसं नाही लिहिलेलं, मावशी. तसं लिहायची गरज नव्हती."

"कुणाला गरज नव्हती?"

ऑर्लीनला आनंद झाला नव्हता असं नाही. तिच्या विहिरीचं पाणी वरच्या खाणीनं नासवलं होतं, भगवं येत होतं. दर आठवड्याला एस्टिल कॅनमधून पाणी आणून टाकायचा आणि टाकताना चार टोमणे मारायचा. थकलेले पैसे आले की नवी विहीर खणायची हे ठरलेलं होतं. पण सरकारच्या कागदावर तिला खोटारडी ठरवणारं ते वाक्य तसंच होतं, आणि ते खोडणारं दुसरं वाक्य जगात कुठंच नव्हतं. पैसे मिळाले म्हणजे लोक काय म्हणणार? बाईनं बरोबर जमवलं, हेच की.

"अजून एक जागा आहे," डेन्व्हर म्हणाला. "माझी फी."

मग त्यानं समजावलं. सरकारशी भांडून माणूस जिंकला, की त्याच्या वकिलाचा खर्च सरकारनं द्यायचा असा एक कायदा आहे. पण एक अट आहे. सरकारची बाजू हरली तरी वाजवी होती असं जज्जाला वाटलं, तर द्यायचा नाही. वाजवी नव्हती असं ठरलं, तरच द्यायचा.

"म्हणजे मला खोटं ठरवायला त्यांच्याकडं काही कारण होतं की नव्हतं, हे जज्जाला सांगावंच लागणार?"

"लागणार."

"मग घाल अर्ज," ऑर्लीन म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

अर्जासोबत तिची एक शपथ लागत होती, की तिची एकूण मालमत्ता वीस लाख डॉलरच्या आत आहे. ती हसत सुटली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कोंबड्या धरून?" तिनं विचारलं. "हे बरंय! पहिल्या शपथेत मी कंगाल, दुसरीत जरा कमी श्रीमंत. ही घेते हो मी, ही आनंदानं घेते."

सरकारनं फीला विरोध केला, आणि तोही त्याच जुन्या आधारावर: बाई स्वतःच तक्रार नाही म्हणत होती, मग आमच्या माणसांना शंका आली तर त्यात गैर काय? पण त्याचबरोबर त्यांनी डेन्व्हरला आतून निरोप धाडला. अकरा हजार मागताय, सात हजार घ्या आणि मिटवा. कोण बरोबर, कोण चूक, हे कुणीच म्हणायचं नाही.

डेन्व्हर हे सांगायला आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. कचेरीचं भाडं थकलं होतं, टंकलेखन करणाऱ्या बाईला दोन महिन्यांचा पगार द्यायचा होता. "मावशी, घेऊया. जज्जाच्या मनात काय आहे कुणास ठाऊक. हरलो तर सरकारकडून शून्य. मग करारानं मला तुमच्या पैशातून घ्यावे लागतील, आणि मला ते नकोयत. तुमची विहीर व्हायची राहील."

"फी तुझी आहे. मला कशाला विचारतोस?"

"कायद्यानं ती तुमची आहे. सरकार देतं ते अशिलाला, वकिलाला नाही. तुम्ही हो म्हणाल तरच मिटेल."

त्या दोन दिवसांत ऑर्लीनला अन्न गोड लागलं नाही. स्वतःचं नाक वर ठेवण्यासाठी दुसऱ्याची चूल विझवायची, हा कुठला न्याय? ज्या पोराच्या ताटात आपण चार घास जास्त वाढायचो, त्याच्याच तोंडचा घास जुगारात लावायचा? आणि नाही लावला, तर ते वाक्य तिच्या थडग्यापर्यंत तसंच राहणार होतं. तिच्या आईनं पाच पोरांमागं फक्त एक खाट आणि चांगलं नाव ठेवलं होतं. खाट एस्टिलकडं गेली.

तिसऱ्या दिवशी ती कचेरीचा जिना एकेक पायरी बसत चढली. डेन्व्हरसमोर जाऊन म्हणाली, "मिटवायचं नाही. आणि ऐक, हरलो तर माझ्या पैशातला चौथा हिस्सा तू घेशील, निमूट घेशील. भगव्या पाण्याच्या विहिरीवर मी इतकी वर्षं काढलीत, अजून काढीन. तुझ्या टंकलेखनाच्या बाईचा पगार त्यातून दे. कबूल?"

"मावशी..."

"कबूल की नाही ते बोल. रडतोस काय!"

"रडत नाहीये, थंडी आहे," डेन्व्हर म्हणाला. पण कबूल केलं.

अशा अर्जांवर सहसा कुणी सुनावणी घेत नाही, सगळं कागदावर होतं. पण जज्ज हॉलब्रुक म्हातारे, याच डोंगरातले, आणि कागदावरून माणूस कळत नाही असं त्यांचं मत. त्यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. अशील आली तर बरं, असंही लिहिलं.

डेन्व्हर पहाटेच पुढं गेला होता; शहरात न्यायला गाडी उरली फक्त एस्टिलची. तो वाटभर कुरकुरला. "जिंकलीस ना? मग आता वकिलाच्या पैशासाठी कसला तमाशा? चेकवर बसायचं तर गप बसावं माणसानं."

"गाडी चालव," ऑर्लीन म्हणाली.

कोर्टाची लिफ्ट नेमकी बंद होती आणि कोर्ट दुसऱ्या मजल्यावर. चर्चचा निळा ड्रेस, वर कोट, हातात तळलेल्या सफरचंदाच्या पुऱ्यांचा डबा, अशी ऑर्लीन जिन्याला लागली. पहिल्या वळणापर्यंत ती गेली. तिथं तिचा पाय उचलेना. कठड्यावर हात ठेवला तर बोटं मिटेनात. एस्टिल पुढं गेला होता, त्यानं मागं वळून हाक मारली, "अगं ये की!" आणि मग तो थांबला, कारण त्याच्या बहिणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वरून एक कारकून उतरत होता. ऑर्लीन त्याला म्हणाली, "काय छान सकाळ आहे, नाही?" तो मान डोलावून गेला. एस्टिल खाली आला, तिच्या काखेत हात घातला आणि उरलेला जिना तिला निम्मी उचलून वर घेऊन आला. वर पोचेपर्यंत त्याची छाती भात्यासारखी चालू होती.

वर बाकावर एक पोरगेलीशी मुलगी फायली मांडीवर घेऊन बसली होती. लांबच्या शहरातून पहाटेच निघालेली, डोळे लाल. ऑर्लीननं डोळे पुसले आणि डबा तिच्यापुढं धरला. "खाल्लंस का काही? घे, घे, कालच्याच आहेत."

मुलीनं एक पुरी घेतली, मग दुसरी घेतली. तेवढ्यात डेन्व्हर आला आणि कुजबुजला, "मावशी, ती मिस केसलर. सरकारची वकील!"

"असू दे की. सरकार तिला खायला घालत नसावं."

जज्ज आले, सगळे बसले. जज्ज हॉलब्रुकनी चष्म्यावरून ऑर्लीनकडं बघितलं आणि विचारलं, "कशा आहात, मिसेस स्टेसी?"

"बरी आहे, जज्जसाहेब," ऑर्लीन म्हणाली. "काही तक्रार नाही."

झालं! डेन्व्हरनं दोन्ही हातांत डोकं धरलं. ऑर्लीनच्या ध्यानात आलं तेव्हा बाण सुटला होता. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, आणि तोही भर कोर्टात. मिस केसलर उठली. तिला हे करणं बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं, पण नोकरी ती नोकरी. "याची नोंद व्हावी," ती म्हणाली. "आमच्या कचेरीनं नेमकं हेच ऐकलं होतं. आमची शंका अवाजवी कशी?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एस्टिल उभा होता, टोपी हातात.

"आपण कोण?" जज्जांनी विचारलं.

"हिचा भाऊ. आणि हिला चेकवर बसलेली म्हणणारा पहिला माणूस." त्याला धाप लागत होती, तो थांबत थांबत बोलत होता. "आत्ता हिला मी अर्धा जिना उचलून आणलंय. हात कठड्याला धरवत नव्हता. रडत होती, साहेब. आमची आई गेली तेव्हा हिला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आज. आणि रडता रडता जिन्यात भेटेल त्याला सांगत होती, काय छान सकाळ आहे! मला आत टाकायचं तर टाका, पण हे लिहून घ्या."

"एस्टिल, खाली बस!" ऑर्लीन ओरडली. लाजेनं तिचे कान तापले होते. चारचौघांत माणसाचं रडणं सांगतात का? पण त्याच वेळी तिला बरंही वाटत होतं, कारण एस्टिल कधी कुणापुढं टोपी काढून उभा राहिलेला तिनं बघितला नव्हता.

"बसा, मिस्टर," जज्ज म्हणाले, पण रागावून नव्हे. मग ऑर्लीनकडं वळले. "एवढं दुखत होतं, तर डॉक्टरांना खरं का सांगितलं नाहीत?"

ऑर्लीननं जरा विचार केला. मग ताठ बसली, जेवढं तिला बसता येत होतं तेवढं.

"डॉक्टरनं विचारलं कशा आहात. ते विचारणं झालं, जज्जसाहेब, त्याला उत्तर द्यायची आपली रीत आहे. तुम्हाला नाही का ठाऊक? पेन्शनच्या फॉर्मवर विचारलं होतं, कुठं दुखतं, किती दुखतं, काय उचलवत नाही. तिथं मी एकूण एक लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं. तिथं शपथ होती. रीत पाळताना मी हसून बोलते, शपथेवर मी खरं बोलते. या दोन्हींतला फरक आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही कळतो."

जज्जांनी ते लिहून घेतलं.

जज्ज मिस केसलरला म्हणाले, "तुमची कचेरी या डोंगरांत किती वर्षं आहे?"

"नक्की नाही सांगता येणार, साहेब. माझ्या जन्माच्या पुष्कळ आधीपासून."

"आणि या काळात तुमच्या एकाही माणसाला इथल्या लोकांचं बोलणं कळलं नाही? तुमच्याच डॉक्टरचा अहवाल फायलीत होता. शपथेवरचा फॉर्म फायलीत होता. ते सोडून तुम्ही एका नमस्काराला पुरावा मानलंत?"

मिस केसलरनं फाईल मिटली. तिनं खाली बघितलं, आणि ऑर्लीनला वाटलं, बिचारीनं अजून एक पुरी घ्यायला हवी होती.

लेखी निकाल महिन्याभरानं आला. डेन्व्हरनं तो खालच्या हार्डवेअरच्या दुकानातच, खिळे आणि दोरांच्या मधोमध उभं राहून तिला वाचून दाखवला, कारण वर चढायची तिची ताकद नव्हती आणि थांबायचा त्याला धीर नव्हता. फी मंजूर, पूर्ण अकरा हजार. आणि खाली लिहिलं होतं: 'अर्जदार मिसेस स्टेसी यांनी शपथेवर सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यास सरकारकडे कोणतेही वाजवी कारण नव्हते.'

"परत वाच," ऑर्लीन म्हणाली.

त्यानं परत वाचलं. एस्टिल मागं उभा होता, तो म्हणाला, "मोठ्यानं वाच की रे, त्या टोकाच्या गिऱ्हाइकाला ऐकू गेलं नाही." आणि डेन्व्हर वाचायच्या आधीच त्यानं तो कागद ओढून घेतला आणि रंगाचा डबा घ्यायला आलेल्या एका अनोळखी माणसाला स्वतःच वाचून दाखवला, अडखळत, धापा टाकत. "ही माझी बहीण," शेवटी त्यानं सांगितलं. त्या माणसानं टोपीला हात लावला. ऑर्लीनचा ऊर असा भरून आला की तिला खिळ्यांच्या पिंपाचा आधार घ्यावा लागला.

फीचा चेक तिच्या नावानं आला, थेट तिच्या घरी. आयुष्यात एवढी रक्कम तिच्या नावापुढं कुणी लिहिली नव्हती. तिनं निळा ड्रेस घातला, एस्टिलला गाडी काढायला लावली, आणि पुन्हा एकेक पायरी बसत तो माळा चढली. चेक टेबलावर ठेवला.

डेन्व्हरनं तो उचलला नाही. चुळबुळ करत म्हणाला, "मावशी, मी वकील आहे, म्हणून सांगितलं पाहिजे. कायद्यानं हा पैसा तुमचा आहे. काही अशील तो ठेवून घेतात आणि वकील काही करू शकत नाही. तुमच्या विहिरीचं काम मोठं आहे. त्यातला थोडा तुम्ही..."

"डेन्व्हर स्लोन," ऑर्लीन म्हणाली, आणि तो शाळेच्या रांगेत उभा असल्यासारखा गप्प झाला. "थकलेल्या पेन्शनमधून तू काही घेणार नाहीस, हे ठरलंय ना?"

"हो. सरकारनं दिलं, मग तुमचं मला काही नको."

"मग माझी विहीर माझ्या पैशात होते. आणि जज्जानं लिहून दिलंय, ही बाई खरी आहे. असा कागद या खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडं आहे का? सांग, आहे का? तुझ्याकडं आहे?"

"नाही, मावशी."

"एस्टिलकडं आहे?"

"माझ्याकडं कुठनं येणार!" दारातून एस्टिल म्हणाला.

"मग अकरा हजार डॉलरसाठी मी तो खराब करू? पेन दे इकडं."

आणि दोन्ही मुठींत पेन धरून, जीभ दातांत पकडून, तो चेक डेन्व्हरच्या नावावर करून द्यायला तिनं त्याच्या पाठीवर सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.